सराईच्या हौदात पाणी चढलं कसं?

समजा, आपण साडेचारशे वर्षं मागं गेलोय. उन्हाळ्याची संध्याकाळ आहे. जालन्याच्या वेशीतून लमाणांचा एक तांडा आत येतोय. शंभर बैल, त्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोण्या, कशात धान्य तर कशात मीठ. सोबत चाळीस माणसं आणि दहा घोडी. सगळे दिवसभर चाललेत. घशाला कोरड पडलीय. या सगळ्यांना आता सगळ्यात आधी काय हवं असेल? जेवण? अंथरूण? अंहं. पाणी!

वही घ्या बरं, हिशोब करू. उन्हात ओझं वाहणारा बैल दिवसाला साधारण ४० लिटर पाणी पितो. शंभर बैलांचे झाले ४,००० लिटर. घोड्याला ३० लिटर धरा, दहा घोड्यांचे ३००. माणसाला पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं असं मिळून १५ लिटर तरी लागेलच. चाळीस माणसांचे ६००. बेरीज केली? ४,९००. म्हणजे आज रस्त्यावर दिसतो तसा पाच हजार लिटरचा टँकर एका तांड्याला, एका रात्रीत संपला!

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे हे झालं जवळजवळ पाच टन ओझं. तेव्हा पाणी वाहून आणायचे भिश्ती, कातड्याच्या पखालीतून. पाठीवरच्या एका पखालीत तीसेक लिटर पाणी मावतं असं धरलं तरी दीडशेहून जास्त खेपा होतात. आणि हा फक्त एक तांडा. मागून दुसरा येतोय, उद्या तिसरा येणार आहे. बाजारच्या दिवसाचं तर विचारूच नका.

आता असं समजा की या सगळ्या वाटसरूंसाठी मुक्कामाची जागा बांधायचं काम तुमच्यावर सोपवलंय. तुम्ही आधी काय बांधाल? खोल्या? दरवाजा? तबेला?

जालन्यात हे काम ज्यानं खरोखर केलं, त्याचं नाव जमशेदखान. साल १५७८. त्यानं जालन्यात काळी मशीद बांधली, तिच्याबरोबर वाटसरूंसाठी सराई बांधली आणि अंघोळीसाठी हमाम बांधला. सराई म्हणजे त्या काळचं हॉटेलच की! चारी बाजूंना खोल्या, मधे मोकळा चौक, आत शिरायला मोठा दरवाजा. अशा सराईत रात्री दरवाजा बंद केला की माणसं, जनावरं आणि माल सगळं सुरक्षित. पण मला जमशेदखान आवडतो तो या इमारतींमुळे नाही. त्यानं मोती तलावही बांधला आणि तिथून शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून नळ टाकले. या सगळ्या हौदांतला सर्वांत मोठा हौद होता सराईच्या चौकात.

१५७८ साली जमिनीखालून नळ! तेव्हा वीज नव्हती. पंप नव्हता. मोटर सुरू करायला बटण नव्हतं. मग पाणी तलावातून निघून हौदात येऊन पडायचं कसं?

ते सांगतेच, पण आधी नकाशा उघडा. जालना नक्की आहे कुठे, हे बघितल्याशिवाय इथे एवढ्या मोठ्या सराईची गरज का पडली ते कळायचं नाही.

जालना वसलंय कुंडलिका नदीच्या काठी. बोट थोडं पूर्वेकडे सरकवा. तीस-पस्तीस किलोमीटरवर सिंदखेडराजा दिसेल. हो, जिजाऊंचं जन्मगाव. ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात. जालना मात्र मराठवाड्यात. म्हणजे हे शहर अगदी वेशीवरचं. सोळाव्या शतकात वऱ्हाडात इमादशाहीचं राज्य होतं आणि अहमदनगरला निजामशाहीचं. १५७४ साली निजामशाहीनं वऱ्हाड जिंकलं. त्यानंतर चारच वर्षांनी जालन्यात सराई उभी राहिली. माझा अंदाज असा की मधली सीमा पुसली गेल्यावर या वाटेवरची वर्दळ वाढली असणार. वऱ्हाडचा कापूस, धान्य, कापड, घोडे, सैनिक, यात्रेकरू, सगळे इथूनच जाणार. पुढे तर सीमा पुन्हा आली! १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिलं. ते थेट १९४८ पर्यंत. वेशीवरच्या गावात माणसं थांबतात, माल उतरवतात, बदलतात, विकतात. म्हणून तिथे पेठ वाढते. जालन्याची पेठ इतकी श्रीमंत झाली होती की १६७९ साली शिवाजी महाराजांची फौज मुघलांच्या मुलखात शिरली तेव्हा ती जालन्यावर चालून आली.

बैलगाडी तासाला तीन किलोमीटर चालते. जनावरांना विश्रांती द्यावी लागते, चारा घालावा लागतो, म्हणून दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. आज रेल्वेनं आपण तासाभरात पोचतो. बैलगाडीला तीन दिवस लागायचे, म्हणजे वाटेत दोन मुक्काम! रस्ता जितका लांब, तितक्या सराया जास्त. उत्तरेत शेरशाह सूरीनं आपल्या पाचच वर्षांच्या राज्यात (१५४० ते १५४५) १,७०० सराया उभ्या केल्या, असं त्याचा इतिहास लिहिणाऱ्या अब्बासखान सरवानीनं नोंदवलंय. आणि त्या सरायांच्या दरवाजाशी काय असायचं माहितेय? पाण्यानं भरलेली भांडी. येणाऱ्यानं आधी पाणी प्यावं, मग बाकीचं.

रस्ता, पाणी आणि वस्ती यांचं नातं इतकं पक्कं असतं की त्यावरून तर्क बांधता येतो. याची एक जबरदस्त गोष्ट जालना जिल्ह्यातच घडलीय. भोकरदन तालुक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे मराठी फौजा आणि इंग्रज यांच्यात मोठी लढाई झाली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या या काठावर एक गाव आणि त्याच्या समोरच, पलीकडच्या काठावर, दुसरं गाव. तो म्हणाला, दोन गावं अशी समोरासमोर वसलीत म्हणजे लोक एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे इथे नदी पायी ओलांडता येत असणारच. शोधलं, तर उतार सापडला! लढाई आपण हरलो याचं वाईट वाटतंच. पण निरीक्षणावरून निष्कर्ष कसा काढायचा, याचा हा धडा विसरू नये असा आहे.

चला, परत जमशेदखानाच्या नळांकडे.

तुम्ही विचाराल, एवढी यातायात कशाला? सराईत एक मोठी विहीर खणली असती तर? खरंच, का नाही? याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. मराठवाड्याखाली काळा कातळ पसरलाय, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थिजला, पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर. या कातळाला वाळूसारखी छिद्रं नसतात. पाणी साठतं ते फक्त त्याच्या भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात आणि मार्च उजाडला की तळ दिसायला लागतो. शिवाय इथला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. आठ महिने पाणी पुरवायचं, तर पावसाचं पाणी कुठेतरी अडवून ठेवायलाच हवं. म्हणून तलाव.

आणि गंमत बघा, ज्या कातळानं अडचण केली त्याच कातळापासून बनलेली काळी माती मदतीला येते. या मातीचे कण फार बारीक असतात. ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातली फट न् फट बुजते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगा पहिल्या दोन-तीन पावसांत नाहीशा होतात, ते पाहिलंय ना? म्हणूनच काळ्या मातीच्या तळातून पाणी सहजासहजी झिरपत नाही. दख्खनमधल्या तलाव बांधणाऱ्यांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक होतं.

तलाव तर झाला. आता पाणी हौदात न्यायचं. इथे एक प्रयोग करायचाय. हार्डवेअरच्या दुकानातून दोन मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी आणा. नसेल तर घराचं बांधकाम करणाऱ्या गवंडीकाकांकडे असतेच. नळीत थोडं रंगीत पाणी भरा आणि दोन्ही टोकं वर धरून इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करा. दोन्हीकडे पाणी किती उंचीवर थांबलं? एकाच पातळीत! आता एक टोक हळूहळू खाली न्या. पाणी त्या टोकाकडे सरकेल आणि टोक पातळीच्या खाली गेलं की भळाभळा बाहेर पडेल. (हे अंगणात करा, नाहीतर आईची बोलणी खावी लागतील.) दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण करायला गवंडीकाका हीच युक्ती वापरतात.

का होतं असं? नळीच्या तळाशी दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांना ढकलत असतं. ज्या बाजूला पाण्याची उंची जास्त, त्या बाजूचा दाब जास्त. तो दुसरीकडच्या पाण्याला वर रेटतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की भांडण मिटतं. मधली नळी कितीही वाकडीतिकडी असू दे, खाली जाऊन वर येऊ दे, पाण्याला त्याची फिकीर नसते. सुरुवात उंच आणि शेवट सखल असला की झालं. म्हणजे तलावातल्या पाण्याची पातळी सराईच्या हौदाच्या काठापेक्षा वर हवी. एवढी एक अट पाळली की मधे खोलगट भाग आला तरी पाणी नळातून खाली उतरतं आणि पलीकडे आपोआप वर चढतं. काम करतं ते गुरुत्वाकर्षण. त्याला पगार नको, वीजबिल नको, रविवारची सुट्टी नको!

पण थांबा. मी 'एवढी एक अट' म्हटलं खरं, ती पाळणं मात्र फार अवघड. नळाच्या भिंतीला घासत जाताना पाण्याचा जोर कमी होत जातो. म्हणून थोडा जास्तीचा उतार ठेवावा लागतो. जास्त ठेवला तर दाब वाढतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाइतका दाब टाकतो. दख्खनमध्ये अशा कामांत भाजक्या मातीचे नळ वापरत. एकाचं तोंड दुसऱ्यात बसवायचं आणि सांधा चुन्यानं पक्का करायचा. दाब जास्त झाला की सांधे उकलणार. दुर्बीण लावलेली मोजणीची यंत्रं तेव्हा नव्हती. पाण्यानं भरलेली पाणसळ, ओळंबा, दोरी आणि कसलेले डोळे, यावर सगळी मोजणी व्हायची. फ्रान्समध्ये नीम नावाच्या शहराला रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी सुमारे ५० किलोमीटर लांबून पाटाचं पाणी आणलं. एवढ्या लांबीत एकूण उतार फक्त बारा-तेरा मीटर! म्हणजे एक किलोमीटर गेलं की फूटभरसुद्धा उतार नाही. वाचताना सोपं वाटतं. शाळेच्या मैदानावर शंभर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार काढून बघा, म्हणजे त्या मोजणाऱ्यांना तुम्हीही सलाम कराल.

नळाचे शत्रू आणखीही आहेत. एक गाळ आणि दुसरी हवा. गाळाचं समजू शकतो, पण हवा? हो, हवाच. नळाला मधे कुठे उंचवटा आला की पाण्यातले बुडबुडे तिथे जाऊन साचतात. हवेचा फुगा मोठा झाला की पाण्याची वाट अडते. सलाईनच्या नळीतून नर्सताई टिचकी मारून बुडबुडे काढतात ना, तसंच इथेही हवेला बाहेर काढावं लागतं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकात, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं. त्या मार्गावर ठिकठिकाणी दगडी मनोऱ्यासारखी बांधकामं केली होती. त्यांना उच्छ्वास म्हणतात. तिथून हवा बाहेर पडायची, दाब कमी व्हायचा आणि गाळ काढायला आतही उतरता यायचं.

मराठवाड्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध काम म्हणजे मलिक अंबरची नहर. आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पायथ्याचं जमिनीतलं पाणी भूमिगत मार्गानं त्यानं शहरभर खेळवलं. तिथली पाणचक्की तुम्ही सहलीत पाहिली असेल. ती मलिक अंबरनंतरची, अठराव्या शतकातली. लांबून नळानं आलेल्या पाण्याच्या जोरावर तिथलं जातं फिरायचं आणि मुक्कामाला आलेल्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. पण तारखा लावून बघा: खडकी वसण्याच्या ३२ वर्षं आधी जालन्यात जमशेदखानाची सराई उभी होती! मलिक अंबरचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि जमशेदखानाचं जालन्याबाहेर कुणाला नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

आता सराईच्या चौकात उभे राहू. हौद भरलाय. त्याचं पाणी नुसतं प्यायला नव्हतं. उघड्या हौदातून पाण्याची सतत वाफ होत असते आणि वाफ होताना पाणी आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. किती? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत बर्फासारखं गार पाच लिटर पाणी उकळीला येईल! म्हणून कोरड्या उन्हाळ्यात हौदाच्या काठाची हवा गार लागते. त्यात भोवती दगडाच्या जाड भिंती. दगड तापायला वेळ घेतो, त्यामुळे दुपारचं ऊन खोलीच्या आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

आणि हमाम! तांड्यातली माणसं धुळीनं माखलेली. त्यांना गरम पाण्याची अंघोळ म्हणजे चैनच. त्या काळच्या हमामात बाहेरच्या बाजूला भट्टी असायची. तिची गरम हवा आणि धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरवायचे. फरशी तापली की वरची हवा तापून वर जाते, गार हवा खाली येते, पुन्हा तापते. असं चक्र सुरू राहतं आणि सगळी खोली उबदार होते. छत घुमटाचं. वाफ घुमटाला लागून तिचं पाणी झालं की थेंब टपकन डोक्यावर पडण्याऐवजी गोलाईवरून भिंतीकडे ओघळतात. किती विचार केलाय बघा!

आता मघाशी विचारलेला प्रश्न पुन्हा घेऊ. आधी काय बांधाल? खोल्या, दरवाजा की तबेला? जमशेदखानाच्या कामाचं उत्तर आहे पाणी. पाणी नसेल तर बाकी सगळं निरुपयोगी. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्याला नळ फक्त सराईपर्यंत नेता आला असता. आपले पाहुणे, आपला चौक, आपला हौद, संपलं. तसं त्यानं केलं नाही. नळ शहरातल्या इतर हौदांपर्यंत गेले. परक्या वाटसरूंसाठी सुरू झालेलं काम गावकऱ्यांचंही झालं. मुक्कामाची सोय करणारा माणूस गावाचा कारभारी शोभतो तो इथे. त्याच्या सराईत रोज नव्या गावची माणसं उतरत. कुठे पाऊस झाला, कुठे धान्य महागलं, कुठल्या वाटेवर लुटालूट आहे, हे सगळ्यांच्या आधी सराईत कळत असणार. ज्याच्याकडे अशी खबर आणि ज्याच्या हातात गावाचं पाणी, त्याचा शब्द गावात वजनदार असणारच.

मुक्कामाची सोय करणाऱ्याला असं वजन मिळणं फक्त आपल्याकडेच घडत होतं असं नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, न्यू मेक्सिको नावाचा सीमेवरचा कोरडा मुलूख आहे. तिथल्या सॅन अँटोनियो या छोट्या गावात १८८७ साली कॉनरॅड हिल्टन जन्मला. वडिलांचं दुकान होतं. १९०७ च्या मंदीत धंदा बसला, तेव्हा घरच्यांनी राहत्या घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. कॉनरॅड स्टेशनवर जाऊन गाडीतून उतरणाऱ्यांना गाठायचा, सामान उचलायचा, घरी घेऊन यायचा. १९१२ मध्ये न्यू मेक्सिको हे नवं राज्य झालं आणि त्याच्या पहिल्याच विधिमंडळात हा पंचविशीतला मुलगा निवडून गेला! पुढे १९१९ मध्ये टेक्सासमधल्या सिस्को गावात त्यानं मोबली नावाचं हॉटेल विकत घेतलं. तिथे तेलविहिरींवर कामाला आलेल्या माणसांची इतकी गर्दी होती की एकच खोली दिवसात तीन वेळा, आठ-आठ तासांसाठी भाड्यानं जायची. आज जगभर दिसणाऱ्या हिल्टन हॉटेलांची सुरुवात त्याचीच.

जमशेदखानानंतरही जालन्यात मोठमोठी माणसं येत राहिली. अकबराचा इतिहासकार अबुल फझल काही काळ इथे राहिला होता, असं जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय. हैदराबादच्या पहिल्या निजामाला इथली हवा आवडायची. त्याच्या सांगण्यावरून १७२५ मध्ये काबिलखानानं इथे किल्ला बांधला, त्यातल्या बालेकिल्ल्याला मस्तगड म्हणतात. त्यातही एक विहीर आहे. साधीसुधी नाही, आत सज्जे आणि खोल्या असलेली! म्हणजे दीडशे वर्षांनंतरही बांधणाऱ्याला पाण्याचा विचार चुकला नव्हता. आणि पुढे याच बालेकिल्ल्यात नगरपालिकेचं कार्यालय होतं.

एके काळी जालन्यात पाच तलाव होते आणि इथल्या फळबागांची फळं लांबलांबच्या शहरांत जायची. मग काय झालं? तलावात येणाऱ्या प्रत्येक ओढ्याबरोबर माती येते. ती तळाशी बसते. दरवर्षी बोटभर थर जरी साचला तरी शंभर वर्षांत माणूस बुडेल एवढा गाळ होतो. तेवढी पाण्याची जागा गेली. तलावाची देखभाल थांबली की तलाव एका दिवसात मरत नाही. हळूहळू उथळ होतो, मग कडेनं बुजतो, मग कुणाच्या तरी घराखाली जातो.

२०१२-१३ चा दुष्काळ तुमच्या ताई-दादांना विचारा. त्या वर्षी राज्यात सगळ्यात जास्त हाल झालेल्या भागांत जालना होतं. शहराला पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडीचा जलाशय कोरडा पडला होता. तेव्हा जालन्याच्या लोकांनी, व्यापाऱ्यांनी, उद्योजकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला. शेतकऱ्यांनी तो गाळ ट्रॅक्टरनं शेतात नेला, कारण तो सुपीक असतो. पाण्याला जागा झाली आणि शेताला खत मिळालं. जायकवाडीहूनही आता जालन्याला नळानं पाणी येतं. पण एक फरक लक्षात घ्या. जायकवाडी काठोकाठ भरलं तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४६४ मीटरवर असते आणि जालना आहे पाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे पाणी सखल भागातून उंचावर आणायचं! नळीचा प्रयोग आठवा. गुरुत्वाकर्षण इथे आपल्या विरुद्ध बाजूला आहे. म्हणून मोठमोठे पंप आणि भरपूर वीज लागते. वीज गेली की नळ कोरडा. जवळचे आणि उंचावरचे तलाव जपणं किती शहाणपणाचं आहे, हे यावरून कळतं.

आता तुमचं काम. तुमच्या गावाला पाणी कुठून येतं, ते शोधून काढा. तलाव, धरण की विहीर? त्याची पातळी तुमच्या घरापेक्षा उंच की सखल? आजोबांच्या फोनमधल्या नकाशात दोन्ही ठिकाणांची समुद्रसपाटीपासूनची उंची सापडते. वजाबाकी करा आणि पाणी आपोआप येतं की पंपानं चढवावं लागतं, ते सांगा. गावात जुना हौद, बारव किंवा उच्छ्वास असेल तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन बघायला जा, लांबी-रुंदी मोजा, चित्र काढा. एकट्यानं आत उतरायचं नाही बरं का! आणि जालन्यातल्या मुलांनो, मोती तलाव तर तुमच्याच शहरात आहे. त्यात प्लास्टिक आणि निर्माल्य टाकणारं कुणी दिसलं, तर त्यांना जमशेदखानाची ही गोष्ट नक्की सांगा.